पडद्यावरची सिंफनी

इ. स. १७७२ सालीं जोसेफ हायडन यानें एक सिंफनी रचिली. हायडन त्या वेळीं प्रिन्स निकोलाउस एस्टरहाझी या हंगेरियन सरदाराच्या पदरीं होता. त्या वर्षीं सरदारसाहेबांचा उन्हाळी वाड्यांतील मुक्काम नेहमीपेक्षां बराच लांबला, आणि वाद्यवृंदांतील मंडळी बायकामुलांपासून दूर पडल्यामुळें घरीं परतण्यास उतावीळ झाली. धन्यापुढें गाऱ्हाणें तर मांडावयाचें, पण मर्यादा सोडून नव्हे. हायडननें युक्ति काढली. सिंफनीच्या अखेरच्या खंडास त्यानें एक संथ लयीचा भाग जोडला. त्यांत एकेका वाद्याचें काम संपत जातें. आणि काम संपलें कीं तो तो वादक समोरची मेणबत्ती विझवी, वाद्य उचली आणि मुकाट्यानें चालता होई. शेवटीं अंधुक उजेडांत दोनच व्हायोलिनें उरलीं. सरदारानें समजावयाचें तें समजून घेतलें आणि मंडळींची लवकरच घराकडे रवानगी झाली, अशी हकीकत सांगतात. ही रचना ‘निरोपाची सिंफनी’ या नांवानें प्रसिद्ध आहे.

आतां ही सिंफनी नुसत्या ध्वनिमुद्रिकेवरून ऐकणाऱ्यास काय मिळतें? स्वर विरळ होत चालले, हें त्याच्या कानास कळतें. पण उठून गेलेला वादक आणि त्याची रिकामी खुर्ची त्यास दिसत नाहीं. हायडनचा विनोद आणि त्या विनोदाआडची व्यथा, दोन्ही त्याच्या पदरांत अर्धींमुर्धींच पडतात. हायडन १८०९ सालीं वारला. त्या गोष्टीस दोनशें वर्षें झालीं म्हणून व्हिएन्ना येथें २००९ सालच्या नववर्षाच्या जलशांत डॅनियल बारेनबॉइम यांच्या संचालनाखालीं याच सिंफनीचा शेवटचा खंड वाजविण्यांत आला, आणि व्हिएन्ना फिल्हार्मोनिकचे वादक खरोखरच एकामागून एक उठून गेले. त्या जलशाची चित्रमुद्रित तबकडी निघाली. घरच्या पडद्यावर तो प्रसंग पाहणाऱ्यास हायडनचा मतलब शब्दांवांचून समजतो.

सिंफनी ही केवळ कानाची वस्तु आहे हा समज किती अपुरा आहे, हें दाखविण्यास एवढें एक उदाहरण पुरेसें आहे. परंतु त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न उभा राहतो. हा सारा जलसा चित्रासह घरीं आणतां येऊं लागल्यापासून श्रोत्याचा लाभ किती झाला, आणि त्या लाभाच्या मोबदल्यांत त्याचें कांहीं हरवलें कीं काय?

सिंफनी म्हणजे वाद्यवृंदासाठीं रचिलेली, बहुधा चार खंडांची, मोठी कृति. तिच्यांत सहसा शब्द नसतात. प्रत्येक वादकानें कोणता स्वर केव्हां आणि किती वेळ वाजवावयाचा, हें रचनाकारानें आधींच लिहून ठेविलेलें असतें. हायडनच्या पदरचा वृंद लहान होता. गुस्ताफ माहलरच्या काळापर्यंत वादकांची संख्या शंभरावर गेली. इतक्या माणसांस एका श्वासानें वाजावयास लावणारा जो संचालक, तो स्वतः मात्र एकहि स्वर वाजवीत नाहीं. शिवाय तो श्रोत्यांकडे पाठ करून उभा असतो. हिंदुस्थानी बैठकींत गवई आणि श्रोते समोरासमोर बसतात. गवयाच्या भिंवईची हालचालहि रसिकाच्या दृष्टींतून सुटत नाहीं, आणि रसिकाची मान डोललेली गवयास दिसते. युरोपांतील जलशांत हें घडत नाहीं. ज्या मुद्रेवर साऱ्या संगीताची हुकमत चालते, ती फक्त वादकांस दिसते. तिकीट काढून आलेल्या श्रोत्याच्या वांट्यास काळ्या कोटाची पाठच येते. कॅमेऱ्यानें पहिली कामगिरी केली ती ही, कीं ती मुद्रा त्यानें श्रोत्याकडे वळविली.

२० मार्च १९४८ या दिवशीं न्यूयॉर्क येथें आर्तुरो तोस्कानिनी याचा जलसा प्रथमच टेलिव्हिजनवरून दाखविण्यांत आला. कार्यक्रम सगळा वाग्नरच्या संगीताचा होता. त्याच दिवशीं थोडा वेळ आधीं दुसऱ्या एका कंपनीनें यूजीन ऑर्मंडी व फिलाडेल्फियाचा वाद्यवृंद यांचा जलसा दाखवून पहिलेपणाचा मान पटकाविला होता. तरी लोकांच्या लक्षांत राहिला तो तोस्कानिनीच. त्यास एक्याऐंशीं वर्षें पूर्ण होण्यास पांच दिवस उरले होते. दृष्टि अधू असल्यामुळें तो सर्व स्वरलिपि मुखोद्गत करून संचालन करीत असे. त्याच्या ध्वनिमुद्रिका घरोघर वाजत होत्या. पण त्या करड्या लयीमागें कोणत्या डोळ्यांचा धाक आहे, हें या दिवशीं लोकांनीं घरबसल्या पाहिलें. १९५२ पर्यंत त्याचे असे दहा जलसे झाले. त्या काळीं चित्र फितीवर टिपून ठेवण्याची सोय निघालेली नव्हती. म्हणून टेलिव्हिजनच्या कांचेसमोर चित्रपटाचा कॅमेरा लावून जें हातीं लागलें तें राखून ठेवण्यांत आलें. चित्र धूसर आहे, आवाज कोंदलेला आहे. तथापि पुढें तेच जलसे घरगुती फितींवर व तबकड्यांवर निघाले, आणि ते पाहणाऱ्यास त्या धूसरपणाचा विसर पडण्यास फार वेळ लागत नाहीं.

जलसा घरीं आणण्याच्या साधनांचीहि एक परंपरा आहे. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर चार-पांच मिनिटांचेंच संगीत मावे. बेथोवेनची पांचवी सिंफनी ऐकावयाची तर तबकड्यांची चळत जवळ घेऊन बसावें लागे. १९७६ सालीं जपानांत व्हीएचएस जातीची चित्रफीत निघाली. १९७८ सालीं अमेरिकेंत लेसरडिस्क ही मोठी चकचकीत तबकडी बाजारांत आली. तिच्या एका बाजूवर फार तर तासभराचा मजकूर राही, आणि माहलरची एखादी सिंफनी दीड तास चालते. त्यामुळें रंग भरत असतांनाच उठून तबकडी उलटण्याचा प्रसंग येई. १९९६ सालीं डीव्हीडी आणि २००६ सालीं ब्लू-रे निघाल्यावर ही अडचण नाहींशी झाली. सबंध जलसा, तोहि सभागृहांतील आवाजाच्या भरदारपणासह, तळहाताएवढ्या तबकडींत मावूं लागला.

परंतु साधन सुधारलें म्हणजे दृष्टि सुधारलीच असें नव्हे. पडद्यावर काय दाखवावयाचें हें शेवटीं कोणीतरी माणूस ठरवितो, आणि तेथेंच या विषयाचें मर्म आहे.

हेर्बर्ट फॉन कारायान हा संचालक १९०८ सालीं ऑस्ट्रियांतील साल्झबुर्ग येथें जन्मला. चित्राचें महत्त्व त्याच्याइतकें दुसऱ्या कोणत्याहि संचालकानें ओळखलें नव्हतें. १९६५ च्या सुमारास त्यानें आंरी-जॉर्ज क्लूझो या नामांकित फ्रेंच चित्रपट-दिग्दर्शकाकडून आपले जलसे चित्रित करवून घेण्यास आरंभ केला. पुढें तो स्वतःच दिग्दर्शनांत लक्ष घालूं लागला, आणि १९८२ सालीं तर याच कामासाठीं त्यानें टेलेमोंदियाल नांवाची स्वतःची कंपनी काढली. आपल्यामागें राहावयाचें तें या चित्रित संगीतानेंच, अशी त्याची धारणा होती. १६ जुलै १९८९ रोजीं त्याचा अंत झाला, तोंवर हें काम चालूच होतें. त्याच्या कित्येक चित्रपटांत आवाज आधीं मुद्रित केलेला असे आणि वादक मागाहून त्या आवाजाबरहुकूम कॅमेऱ्यासमोर वाजवीत. व्हायोलिनांचे गज एका रेषेंत, शिंगांचीं तोंडें एका ओळींत, प्रकाश मोजून मापून टाकलेला, आणि मधोमध डोळे मिटलेला संचालक, असें हें चित्र आहे. त्याचें सौंदर्य कोणीहि नाकारणार नाहीं. पण घटका-दोन घटका पाहिल्यावर एक उणीव खटकूं लागते. माणसें दिसत नाहींत. वाद्यें दिसतात, हात दिसतात, बोटें दिसतात, आणि मग पुनः तो एकच चेहरा. शंभर माणसांचा उद्योग एकाच माणसाच्या स्वप्नासारखा दिसूं लागतो.

याच्या अगदीं उलट उदाहरण कार्लोस क्लायबर याचें आहे. १९३० सालीं बर्लिन येथें जन्मलेला हा संचालक प्रसिद्धीपासून दूर पळे. जलसे मोजके, ध्वनिमुद्रिका त्याहून मोजक्या, मुलाखतींचें नांवच नको. तरी त्याचे कांहीं थोडे जलसे कॅमेऱ्यानें टिपले: १९८३ सालीं ॲम्स्टरडॅम येथें बेथोवेनची चौथी व सातवी सिंफनी, १९८९ व १९९२ सालचे व्हिएन्ना येथील नववर्षाचे जलसे, १९९१ सालीं तेथेंच ब्राम्सची दुसरी, आणि १९९६ सालीं म्युनिक येथें ब्राम्सची चौथी. या तबकड्यांत कॅमेरा फारसें कांहीं करीत नाहीं. तो पाहतो, एवढेंच. क्लायबरचा उजवा हात ताल धरतां धरतां मध्येंच थांबतो, डावा हात मागच्या कठड्यावर विसांवतो, आणि तो नुसता ऐकत उभा राहतो. वृंद आपला आपण वाजवीत असतो. मग एखाद्या वळणावर त्याच्या मुखावर हसूं उमटतें आणि क्षणार्धांत तेंच हसूं व्हायोलिनवाल्यांच्या चेहऱ्यावर दिसतें. हुकूम सुटला केव्हां आणि पाळला गेला केव्हां, हें कळत नाहीं. मुळांत तो हुकूम नव्हताच. २००४ सालीं क्लायबर निवर्तला. २०११ सालीं एका ब्रिटिश संगीत-मासिकानें शंभर संचालकांचा कौल घेतला, तेव्हां सर्वश्रेष्ठ संचालक म्हणून त्यांनीं क्लायबरचेंच नांव पुढें केलें. ज्या तरुण संचालकांस त्याचें दर्शन घडलें नाहीं, त्यांची पाठशाळा म्हणजे या चार-सहा तबकड्या होत.

एकानें कॅमेऱ्यास आपला चाकर केलें, दुसऱ्यानें त्याच्याकडे लक्षच दिलें नाहीं. आणि पडद्यावर अधिक जिवंत राहिला तो दुसरा. यावरून एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ध्वनिमुद्रिका संगीताचा परिणाम देते. चित्र त्या परिणामामागील माणसांचें परस्परांशीं असलेलें नातें दाखवूं शकतें, आणि तें नातें दिसत नसेल तर चित्राचा उपयोग शोभेपलीकडे जात नाहीं.

हें नातें दाखविणें सोपें मात्र नाहीं. जलशाचें चित्रण करणारा दिग्दर्शक हातीं स्वरलिपि घेऊन कित्येक दिवस आधीं बसतो. कोणत्या मात्रेस कोणता कॅमेरा कोणाकडे वळावयाचा, हें तो टिपून ठेवतो. प्रत्यक्ष जलशाच्या वेळीं स्वरलिपि वाचूं शकणारा एक मदतनीस मात्रा मोजीत असतो आणि त्याच्या इशाऱ्यावर चित्रें बदलत जातात. इशारा पळभर चुकला कीं फसगत होते: ओबोचा एकल आलाप संपतो आणि मग पडद्यावर ओबोवाला दिसतो, तोहि वाद्य खालीं ठेवतांना.

उत्तम दिग्दर्शक याच्याहि पलीकडे जातो. बेथोवेनच्या पांचव्या सिंफनीत तीन ट्राँबोन, पिकोलो ही लहान बांसरी आणि काँट्राबसून हें खर्जाचें वाद्य, यांस पहिल्या तीन खंडांत एकहि स्वर नाहीं. सुमारें वीस-पंचवीस मिनिटें ही माणसें हात बांधून बसतात आणि चौथ्या खंडाच्या पहिल्या आघातास एकदम उठाव देतात. ध्वनिमुद्रिकेवर तो आघात ऐकूं येतो. त्यामागची ती वाट पाहणारी माणसें ऐकूं येत नाहींत. कॅमेऱ्यानें तिसऱ्या खंडांत एकदां त्यांच्यावर नजर टाकली, तर पुढच्या विजयघोषास निराळाच अर्थ येतो. चायकोव्हस्कीची सहावी सिंफनी १८९३ सालीं प्रथम वाजली आणि त्यानंतर नऊच दिवसांनीं तो वारला. तिच्या शेवटच्या खंडाचा आरंभ जी स्वरावलि करते, ती मुळीं कोणीच सबंध वाजवीत नाहीं! एक स्वर पहिल्या व्हायोलिनांचा, पुढचा दुसऱ्या व्हायोलिनांचा, अशी ती वांटून दिलेली आहे. दोन्ही तुकड्या आपापल्या परीनें तुटक स्वर वाजवितात आणि श्रोत्याच्या कानांत त्यांचा एक अखंड विलाप होतो. दोन्ही तुकड्यांचे गज पडद्यावर एकत्र दिसले, म्हणजे ही किमया डोळ्यांस पटते.

परंतु याच ठिकाणीं धोकाहि आहे. सभागृहांत बसलेल्या श्रोत्याची दृष्टि मोकळी असते. तो खर्जाच्या वाद्यांकडे पाहूं शकतो, छताकडे पाहूं शकतो, डोळे मिटूं शकतो. पडद्यासमोर बसलेल्यास ही मोकळीक नाहीं. कॅमेरा दाखवील तेंच त्यानें पाहावयाचें. आणि कॅमेऱ्यास एक वाईट खोड आहे: ज्याच्याकडे मुख्य चाल, त्याच्याकडे तो धांवतो. शिंग वाजलें कीं शिंग, बांसरी वाजली कीं बांसरी. बैठकींत शेजारीं बसलेल्या गृहस्थानें प्रत्येक आवर्तनास कोपरानें ढोसून “आतां सम येते बरें का” असें सांगत राहावें, तसा हा प्रकार होतो. सिंफनीचें सौंदर्य पुष्कळदां मुख्य चालीच्या खालीं वाहणाऱ्या प्रवाहांत असतें. व्हिओला आणि चेलो तेथें जें कांहीं बोलत असतात, तिकडे कान न्यावयाचा तर डोळ्यानें त्यास अडवूं नये. पडद्याच्या संवयीनें कान डोळ्याचा अंकित होतो आणि जें दिसत नाहीं तें ऐकूंहि येईनासें होतें. हें नुकसान लहानसहान नव्हे. कारण तें झाल्याचें ज्याचें त्यास कळत नाहीं.

तरीहि चित्राची एक योग्यता अशी आहे कीं तिच्यापुढें ही सर्व तक्रार फिकी पडते. चित्र साक्ष देतें. १९ एप्रिल १९४२ रोजीं, हिटलरच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीं, बर्लिन येथें विल्हेल्म फुर्टवेंग्लर याच्या संचालनाखालीं बेथोवेनची नववी सिंफनी झाली. त्या जलशाचा थोडासा भाग चित्रपटावर टिपलेला शिल्लक आहे. संगीत थरारून सोडणारें आहे. शेवटच्या खंडांत सर्व मानव बंधु होतील, असें आश्वासन गायकवृंद देत आहे. मग टाळ्या पडतात, आणि नाझी सरकारचा प्रचारमंत्री गोबेल्स पुढें येऊन संचालकाशीं हस्तांदोलन करतो. नुसत्या आवाजावरून हें कधींच कळलें नसतें. कानास ती केवळ एक महान मैफल वाटली असती. डोळ्यास ती एक महान आणि लाजिरवाणी मैफल दिसते.

त्याच शहरांत, सत्तेचाळीस वर्षांनंतर, तीच सिंफनी पुनः वाजली. ९ नोव्हेंबर १९८९ रोजीं बर्लिनची भिंत खुली झाली होती. त्यानंतर नाताळच्या दिवशीं पूर्व बर्लिनमधील शाउस्पीलहाउसांत लेनर्ड बर्नस्टाइन यानें ती सादर केली. म्युनिकचा बव्हेरियन रेडिओचा वाद्यवृंद त्यास मुख्य होता; त्यांत ड्रेस्डेन, लेनिनग्राड, लंडन, न्यूयॉर्क व पॅरिस येथील वादक येऊन मिळाले होते. युद्धांत परस्परांविरुद्ध लढलेल्या आणि युद्धानंतर ज्यांनीं जर्मनी वांटून घेतली, अशा राष्ट्रांचीं माणसें एकाच स्वरलिपीवरून वाजवीत होतीं. बर्नस्टाइननें मूळ पद्यांतील ‘आनंद’ या अर्थाच्या जर्मन शब्दाच्या जागीं ‘स्वातंत्र्य’ हा शब्द गाववून घेतला. पंडितांनीं यास हरकत घेतली असेल. पण चित्रांतील त्या गायकांच्या मुद्रा पाहणाऱ्यास शब्दाचा वाद सुचत नाहीं. बर्नस्टाइनची प्रकृति ढांसळलेली होती, आणि पुढें दहाच महिन्यांनीं, १४ ऑक्टोबर १९९० रोजीं, तो गेला. या जलशाची तबकडी आजहि मिळते. १९४२ चा तो तुकडा आणि १९८९ ची ही तबकडी एकामागून एक पाहिली, म्हणजे स्वर तेच असूनहि संगीत तेंच राहत नाहीं, हें शहाण्यास शिकवावें लागत नाहीं.

आवाजास जें साधत नाहीं असें आणखी एक काम चित्र करतें: तें शांततेस जपतें. इटालियन संचालक क्लॉडिओ अबाडो यास २००० सालीं पोटाच्या कर्करोगानें गांठलें. त्यांतून उठल्यावर त्यानें स्वित्झर्लंडमधील लुसर्न येथें निवडक वादकांचा वृंद नव्यानें उभा केला, आणि २००३ पासून माहलरच्या सिंफनी एकेक करून सादर केल्या. आठवी वगळतां पहिल्यापासून नवव्यापर्यंतच्या सर्व सिंफनी तबकड्यांवर आल्या आहेत. नववी सिंफनी माहलरनें स्वतः कधीं ऐकली नाहीं. १९११ सालीं तो वारला आणि पुढच्या वर्षीं ती प्रथम वाजली. तिच्या शेवटच्या पानावर फक्त तंतुवाद्यें उरतात, आणि तींहि विझत जातात. २०१० सालच्या चित्रणांत तो शेवटचा स्वर नाहींसा होतो, अबाडोचे हात अर्धवट उचललेले तसेच राहतात, आणि सबंध सभागृह दोन मिनिटांहून अधिक काळ निःशब्द बसून राहतें. कोणी खोंकत नाहीं, कोणी टाळी देत नाहीं. नुसत्या ध्वनिमुद्रिकेवर ही दोन मिनिटें कोरी फीत म्हणून कापलीं गेलीं असतीं. चित्रांत तीं सिंफनीचा पांचवा खंड होतात. मृत्यूच्या दारावरून परतलेला तो वृद्ध संचालक तेथें उभा आहे, आणि त्यास काय ऐकूं येत आहे हें कोणास विचारावें लागत नाहीं.

हें सारें दूरदेशचें संगीत असलें, तरी मुंबईचा त्याच्याशीं संबंध जुना आहे. १९३५ सालीं मेहली मेहता यांनीं मुंबईंत ‘बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा’ स्थापन केला. १९३६ सालीं मुंबईंतच जन्मलेले त्यांचे चिरंजीव झुबिन मेहता अठराव्या वर्षीं व्हिएन्नास शिकावयास गेले, आणि त्याच शहरांतील नववर्षाच्या जलशाचें संचालन त्यांनीं १९९० पासून २०१५ पर्यंत पांच वेळां केलें. ते जलसेहि तबकड्यांवर घरोघर पोंचले आहेत. गोव्यांतील चर्चच्या शाळांतून स्वरलिपि शिकलेल्या वादकांनीं मुंबईच्या चित्रपटसंगीतास वाद्यवृंदाचा भरणा दिला. माजोर्डा गांवचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकींच एक. १९५८ सालीं त्यांनीं हिंदुस्थानी रागसंगीत आणि सिंफनीचा वृंद यांचा मेळ घालणारी मंडळीहि उभारली होती. २००६ पासून मुंबईस ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ ही संस्थाहि चालू आहे.

याचा परिणाम असा झाला आहे कीं मराठी घरांतील कान व्हायोलिनांच्या समूहास, चेलोच्या घनगंभीर स्वरास आणि फ्लूटच्या लकेरीस कधींच परका नव्हता. सिनेमाच्या गाण्यांतून तो या सर्वांस ओळखत होता. फक्त ओळखीचा आवाज कोणाचा, हें डोळ्यांस ठाऊक नव्हतें. तीन-चार मोठ्या शहरांबाहेर राहणाऱ्या कुटुंबास सबंध वृंद प्रत्यक्ष पाहण्याचा योग क्वचितच येतो. अशा घरीं पडद्यावरची सिंफनी ही चैनीची वस्तु नसून ओळख पटविणारी आहे. ओबो आणि क्लॅरिनेट यांतील भेद पुस्तकांतील वर्णनानें मुलास समजत नाहीं. एकदां वाजतांना पाहिला कीं तो जन्मभर विसरत नाहीं.

तबकडीच्या आयुष्याविषयींहि दोन शब्द सांगणें अवश्य आहे. लेसरडिस्क वाजविणारीं यंत्रें २००९ सालीं बनावयाचीं थांबलीं. व्हीएचएस फितींचें शेवटचें यंत्र एका जपानी कंपनीनें २०१६ सालीं तयार केलें. ज्या जलशांचें नव्या साधनावर पुनर्मुद्रण झालें नाहीं, ते कपाटांत असूनहि मुके झाले. २००८ सालीं बर्लिन फिल्हार्मोनिकनें आपले जलसे वर्गणी घेऊन थेट इंटरनेटवरून दाखविण्यास आरंभ केला आणि इतरांनींहि तो मार्ग धरला. सोय मोठी आहे यांत शंका नाहीं. तथापि वर्गणी थांबली कीं जलसाहि थांबतो; तबकडी मात्र मुलाच्या आणि नातवाच्या हातीं देतां येते. जीं चित्रणें घरास खरोखर मोलाचीं वाटतात, तीं हातीं असावीं, आणि यंत्र नाहींसें होण्यापूर्वीं नव्या साधनावर उतरवून घेतां आलीं तर घ्यावीं, हेंच शहाणपणाचें.

शेवटीं राहतो तो प्रश्न हीं चित्रणें पाहावयाचीं कशीं याचा. कॅमेरा हा वाटाड्या आहे. अनोळखी डोंगरांत वाटाड्यावांचून जाऊं नये, हें खरें. पण जन्मभर त्याच्याच पाठीकडे पाहत चालणाऱ्यास डोंगर कधीं दिसत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. म्हणून पहिल्या वेळीं सिंफनी पडद्यावर पाहावी, एक सबंध खंड मध्यें न उठतां, आणि कोण कोठें बसतो, कोण कोणाची वाट पाहतो, हें मनांत सांठवून घ्यावें. दुसऱ्या वेळीं तीच तबकडी लावावी आणि पडदा झांकून टाकावा. आतां प्रत्येक स्वरामागें एक माणूस उभा राहील, आणि कान मात्र आपल्या मर्जीनें हिंडेल. ज्या कोपऱ्याकडे कॅमेरा वळला नव्हता, तेथील व्हिओलाहि ऐकूं येतील. तिसऱ्या वेळीं पुनः चित्र पाहावें. वाटाड्या कोठें अचूक होता, कोठें घाईंत होता आणि कोठें त्यानें भलत्याच गोष्टीकडे बोट दाखविलें, हें मग श्रोत्यास स्वतःसच कळूं लागेल. तें कळूं लागलें, म्हणजे ज्या घरीं सिंफनीची एक तबकडी आली होती, त्या घरीं एक श्रोता तयार झाला असें समजावें.